शेवटच्या पानावरचा बारीक टाइप

खेळाच्या पानावर माझी सारी नोकरी झाली. एका मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात उपसंपादक म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. आता पान लावायची घाई नसते, त्यामुळे शेवटच्या चढाईपर्यंत, शेवटच्या चेंडूपर्यंत सामना निवांत पाहता येतो. पेपर मात्र अजून मागच्या पानापासूनच वाचतो. ‘खेळात राजकारण आणू नका’, ‘खेळ म्हणजे चार घटका विरंगुळा’ असे लोक म्हणतात तेव्हा मला आमचे टेबल आठवते. शहरात आणि देशात जे काही चालले असेल ते त्या टेबलावर येऊन पडायचे. पहिल्या पानाला त्याची खबर लागायच्या आधी कितीदा तरी आमच्याकडे त्याची चाहूल लागलेली असे. ही चाहूल मोठ्या मथळ्यात कधीच नसायची. ती असायची निकालांच्या स्तंभात, बारीक टाइपात.

मी लागलो तेव्हा बातम्या टेलिप्रिंटरवर यायच्या, त्याही इंग्रजीत. यंत्राची खडखड चालू असे, महत्त्वाचे काही असले की घंटी वाजे. कागदाची गुंडाळी फाडून आणायची, मराठीत उतरवायची आणि खिळे जुळवणाऱ्यांकडे पाठवायची. कसोटी सामना, विम्बल्डन, ऑलिम्पिक यांची चिंता कधी करावी लागली नाही. मोठी बातमी आपली जागा आपणच मिळवते. खरी कसोटी लागायची ती संध्याकाळी सहा ते आठ या वेळात. लालबाग, परळ, नायगाव, दादर इथल्या मंडळांचे कार्यकर्ते घामेजलेल्या अंगाने जिना चढून येत. हातात मंडळाचे लेटरहेड, त्यावर निळ्या शाईत कबड्डीचे नाहीतर खो-खोचे निकाल.

“साहेब, उद्या येईल ना?”

“येईल. पण नावं पूर्ण लिहा. नुसतं आडनाव नको, संघात तीन-तीन पाटील असतात.”

मग तो तिथेच खुर्चीच्या पाठीवर कागद ठेवून नावे पूर्ण करायचा. आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सहकारी नव्या उपसंपादकाला पहिल्याच आठवड्यात सांगत: “जागा कमी पडली तर विशेषण काप. नाव कापू नकोस.” पत्रकारितेचे यापेक्षा मोठे शिक्षण मला कुठे मिळाले नाही.

खो-खोच्या निकालात तर प्रत्येक नावापुढे कंसात आकडे असायचे, किती मिनिटे संरक्षण केले आणि किती गडी टिपले. वाचकाला ते किचकट वाटत असतील. ज्या मुलीने पाठलाग करणाऱ्या नऊ जणींना अडीच मिनिटे झुलवत ठेवले, तिच्यासाठी मात्र त्या आकड्यांत एक संपूर्ण हंगाम सामावलेला असायचा. ती कात्रणे वहीत चिकटवली जात. रेल्वेत, बँकेत, पोलिसात खेळाडू म्हणून नोकरीची आशा असलेली मुले प्रमाणपत्रांसोबत ही वही घेऊन मुलाखतीला जात. वर्षानुवर्षांनी कोणी भेटले आणि म्हणाले, “तुम्ही छापलेलं कात्रण अजून आहे माझ्याकडे”, की समोर उभा असायचा एखादा तिकीट तपासनीस नाहीतर फौजदार. एका ओळीवर घर उभे राहते असे मी म्हणणार नाही. पण त्या घराच्या कागदपत्रांत ती ओळ असायची.

या स्तंभाने मला शहर वाचायला शिकवले. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या कापड गिरण्यांतला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पहिल्या पानावर संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत, मालक, सरकार आणि वाटाघाटी होत्या. आमच्या पानावर सुरुवातीला उलटेच दिसले: स्पर्धा वाढल्या. हाताला काम नव्हते, तरुण मुले मैदानावर होती आणि चाळीचाळींत सामने रंगत होते. पण महिने लोटले तसे लेटरहेड घेऊन येणारे चेहरे कमी झाले. बक्षिसाला वर्गणी मिळेना. ज्या गिरण्या चांगल्या चढाईपटूला आपल्या खात्यात चिकटवून घ्यायच्या, त्यांच्या संघांची नावे स्तंभातून एकेक करून गळाली. पुढे काही वर्षांनी दिसले की संघ लालबागचा, नाव जुनेच, पण खेळणारी मुले येतात डोंबिवलीहून, बदलापूरहून, विरारहून. चाळीतली खोली विकून कुटुंब लांब गेले होते, पण मुलगा सरावाला अजूनही जुन्याच मैदानावर येत होता. रात्री शेवटची लोकल पकडायची म्हणून दुसऱ्या सत्रात बदली खेळाडू उतरवावा लागल्याचे कार्यकर्ते सांगत. गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा पहिल्या पानाने त्याला शहराचा कायापालट म्हटले. त्यातली उलथापालथ कबड्डीच्या निकालांत कितीतरी आधी नोंदली गेली होती.

आज प्रो कबड्डीत दिव्यांच्या झगमगाटात लिलाव होतो, खेळाडूंना चांगले पैसे मिळतात. २०१४ला ती स्पर्धा सुरू झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला, आजही होतो. मातीत ढोपरे फोडून घेणाऱ्या खेळाडूला मॅट मिळाली, वैद्यकीय उपचार मिळाले, घरबसल्या लाखो प्रेक्षक मिळाले. माझी काळजी वेगळी आहे. त्या मॅटपर्यंत पोचणारी वाट ज्या मंडळांच्या मैदानांतून जाते, त्यांतली किती मैदाने आज वाहनतळ झाली आहेत? मुंबईत परळचे नरे पार्क किंवा प्रभादेवीचे कामगार क्रीडा भवन ही नुसती पत्त्यातली नावे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांनी तिथे दम घुमवला आहे. मैदान गेले तर निकाल कुठून येणार, आणि निकाल आले नाहीत तर उद्याच्या लिलावात मराठी नावे कुठून येणार?

बारीक टाइपाची ताकद मला सर्वांत जास्त जाणवली ती १८ जून १९८३च्या रात्री. इंग्लंडमध्ये टनब्रिज वेल्स इथे विश्वचषकात भारताचा सामना झिम्बाब्वेशी होता. टेलिप्रिंटरवर आकडे येत गेले: सुनील गावसकर शून्य, श्रीकांत शून्य, आपला शिवाजी पार्कचा संदीप पाटील एक. भारत ५ बाद १७. पान जवळजवळ लागलेले होते आणि पराभवाचा मथळा कोणाच्या तरी मनात तयारही झाला असेल. मग कपिलदेवच्या नावापुढचा आकडा चढू लागला. पन्नास, शंभर, दीडशे, आणि शेवटी नाबाद १७५. सय्यद किरमाणी दुसऱ्या टोकाला नाबाद २४. नवव्या गड्यासाठी दोघांची १२६ धावांची अभेद्य भागीदारी. भारत ८ बाद २६६, आणि विजय ३१ धावांनी.

त्या सामन्याचे चित्रीकरण झाले नाही. भारतीय क्रिकेटला वळण देणारी ती खेळी आज कुणालाही पाहता येत नाही. १६ चौकार, ६ षटकार, १३८ चेंडू हे आपल्याला कळते ते मैदानावर बसून इमानाने नोंद करणाऱ्या गुणलेखकामुळे. आठवड्याभराने, २५ जूनला, लॉर्ड्‌सवर भारताने वेस्ट इंडीजला १४० धावांत गुंडाळून विश्वचषक जिंकला, तो सोहळा सगळ्यांनी पाहिला. पण त्या सोहळ्याचा पाया एका न पाहिलेल्या डावात आहे आणि तो डाव फक्त कागदावर जिवंत आहे. हल्ली प्रत्येक चेंडू दहा कोनांतून टिपला जातो, तेव्हा कागदाची किंमत कळत नाही. जिथे एकही कॅमेरा पोचत नाही अशा तालुक्याच्या मैदानावर ती तेवढीच आहे.

आता अमोल मुजुमदारविषयी, कारण गेल्या काही वर्षांतला माझा सर्वांत मोठा आनंद त्याच्या नावाशी जोडलेला आहे. फेब्रुवारी १९८८मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. शालेय क्रिकेटचा निकाल त्या दिवशी बारीक टाइपातून उठून मथळ्यात गेला. त्याच डावात पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून एक मुलगा बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. तो अमोल. पुढे रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध त्याने २६० धावा केल्या. मुंबईसाठी वर्षानुवर्षे धावांच्या राशी रचल्या आणि प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा केल्या. भारताकडून मात्र तो एकदाही खेळला नाही. त्याचे नाव आमच्या पानावर शेकडो वेळा आले असेल, पण बहुतेक वेळा धावफलकातच.

२०२३मध्ये तो भारताच्या महिला संघाचा प्रशिक्षक झाला. ३० ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या आणि मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून ते लक्ष्य गाठून दिले. २ नोव्हेंबरला तिथेच अंतिम सामना झाला. भारताने ७ बाद २९८ केल्या, शफाली वर्माच्या ८७, दीप्ती शर्माच्या ५८. मग दीप्तीने पाच बळी घेतले, दक्षिण आफ्रिका २४६वर सर्व बाद, आणि भारताच्या मुलींनी पहिला विश्वचषक जिंकला. मध्यरात्र उलटून गेली होती. मैदानावर अमोल दिसला आणि मला भरून आले. पॅड बांधून वाट पाहत बसलेल्या त्या मुलाला जे स्वतःच्या बॅटने मिळाले नाही, ते त्याने दुसऱ्यांच्या हाती दिले.

त्या रात्री मला १९७३चे पुणे आठवले. महिलांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा तिथे झाली तेव्हा संघ होते फक्त तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७८चा महिला विश्वचषक भारतात भरला आणि डायना एडल्जी कर्णधार होती. त्या पिढीतल्या मुली रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून प्रवास करीत, वसतिगृहांत जमिनीवर झोपत. २००६मध्ये महिला क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आले. त्याआधीच्या तीन दशकांत या खेळाला बहुतेक पानांवर मिळालेली जागा दोन-तीन ओळींची होती. पण त्या ओळी होत्या. त्यांच्यामुळेच आज कुणाला त्या काळाचा इतिहास लिहायचा असेल तर धागा हाताला लागतो. नवी मुंबईतला तो करंडक ज्यांनी उचलला त्यांच्यामागे अशा न दिसलेल्या किती जणी उभ्या आहेत, याची मोजदाद त्या ओळींवरूनच करता येईल. ज्यांची ओळही कुठे आली नाही, त्यांचे काय?

खेळाडूकडे फक्त पदकाच्या दिवशी पाहायची आपली जुनी खोड आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ला हेलसिंकीला गेले ते लोकांच्या वर्गणीवर. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले होते. त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली आणि मग सरकार त्यांना विसरले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, २०००च्या आसपास. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षे जावी लागली. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकले. तोही तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याच्या गावातला जल्लोष टीव्हीवर पाहताना मला आमच्या टेबलापाशी कात्रण मागायला येणारी मुले आठवली. रेल्वेने खेळाडूंना नोकऱ्या दिल्या नसत्या तर या देशाच्या पदकतालिकेत किती जागा रिकाम्या राहिल्या असत्या!

खेळ आणि बातमी यांची सरमिसळ नेहमी सुखाची नसते. २८ मे २०२३ला दिल्लीच्या रस्त्यावर ऑलिम्पिक पदक जिंकलेल्या कुस्तीगीरांना पोलिसांनी उचलून गाडीत घातले, ते छायाचित्र पाहून मला रात्रभर झोप लागली नाही. या मुली लैंगिक छळाची तक्रार घेऊन जंतरमंतरवर बसल्या होत्या. त्या वेळीही ‘खेळाडूंनी खेळावे, राजकारण करू नये’ असे बोलले गेले. तक्रार ऐकून घेणारे कोणी उरत नाही तेव्हाच खेळाडू रस्त्यावर येतो. घरच्यांचा विरोध पत्करून तालमीत पाऊल टाकणारी कोल्हापूर-सांगलीकडची मुलगी ते छायाचित्र पाहते, तिचे आईवडीलही पाहतात. त्या एका दिवसाने किती मुलींची नावे निकालांत यायची राहिली असतील, याचा हिशेब कुठल्याच पानावर छापला जाणार नाही.

प्रेक्षकांनी मात्र कधी उलटे चित्रही दाखवले आहे. ३१ जानेवारी १९९९ला चेन्नईच्या चेपॉकवर पाकिस्तानने भारताला १२ धावांनी हरवले. सचिन १३६ करून बाद झाला आणि हाताशी आलेला सामना निसटला. वातावरण तापलेले होते. त्या कसोटीच्या आधीच दिल्लीच्या कोटला मैदानाची खेळपट्टी उखडली गेली होती, आणि १९९१मध्ये आमच्या मुंबईत वानखेडेचीही. तरी चेन्नईचे प्रेक्षक उभे राहिले आणि त्यांनी पाकिस्तानच्या संघाला टाळ्यांनी मानवंदना दिली. ती बातमी मी मराठीत उतरवली तेव्हा एकही विशेषण घालावे लागले नाही. सप्टेंबर २०२५मध्ये आशिया चषकात भारताचे खेळाडू पाकिस्तानच्या खेळाडूंशी हस्तांदोलन न करता निघून गेले. त्याआधी पहलगामच्या हल्ल्यात २६ माणसे मारली गेली होती आणि तो राग मी समजू शकतो. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांच्यापुढे मी काय बोलणार? माझे मत मात्र असे आहे की खेळायचे की नाही हे सरकारने आधी ठरवावे आणि ‘नाही’ ठरले तर आम्ही रसिकांनी ते मान्य करावे. एकदा मैदानात उतरलो की सामन्याच्या शेवटी हात पुढे झाला पाहिजे. चेपॉकच्या प्रेक्षकांनी दाखवलेला तो मोठेपणा आपलाच होता. तो आपण टाकून देऊ नये.

आणि ४ जून २०२५. आयपीएल जिंकलेल्या संघाला पाहायला बंगळूरुत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर लोटलेल्या गर्दीत चेंगरून ११ जणांचा जीव गेला. मी आयुष्यभर मैदानांवर गर्दी पाहिली आहे. गर्दी प्रेमापोटीच येते. तिला वाट करून देणे, फाटके वेळेवर उघडणे, आधी नियोजन करणे हे आयोजकांचे आणि प्रशासनाचे काम. रसिकाच्या जिवापेक्षा उत्सवाची घाई मोठी मानली गेली, याचे मला फार दुःख आहे.

पुढची वर्षे भारतीय खेळासाठी मोठी आहेत. २०२८ला लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट असेल. २०३०चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला होतील. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. ज्या खेळाचे निकाल कंसातल्या मिनिटांसह छापताना जागेसाठी भांडावे लागायचे, त्याचा विश्वचषक पाहायला मी जिवंत आहे, हे माझे भाग्य. मोठ्या स्पर्धांच्या तयारीची चर्चा सुरू झाली की स्टेडियम, बोधचिन्ह आणि खर्चाचे आकडे पुढे येतात. माझ्या मते तयारीची सुरुवात तालुक्यातल्या शाळेच्या मैदानापासून होते, आणि त्या मैदानावर काय झाले याची नोंद ठेवण्यापासून.

म्हणून आता मी राहतो त्या उपनगरातल्या शालेय स्पर्धांना जातो आणि गुणलेखकाच्या टेबलाशी बसतो. क्रीडाशिक्षकांना माझा आग्रह एवढाच असतो की गुणपत्रक फेकू नका, त्याचा फोटो काढून ठेवा, एक प्रत शाळेत जपा, एक स्थानिक पेपरला पाठवा. संपादकांनाही माझी विनंती आहे. शेवटच्या पानावरचा एक स्तंभ आपल्या जिल्ह्याच्या निकालांसाठी राखून ठेवा. तिथे जाहिरात कमी मिळेल, पण त्या दिवशी तो अंक शंभर घरांत कापून ठेवला जाईल. आणि मैदानावर मुलांना घेऊन येणाऱ्या आईवडिलांना, मंडळांच्या कार्यकर्त्यांना सांगणे आहे की जिंकणाऱ्याची नोंद जग घेईलच. हरलेल्या संघातली सगळी नावेही लिहा: नाव, आडनाव, शाळा, गाव. पुढच्या वर्षी त्यातलेच कोणीतरी जिंकणार आहे.